कुठलं कॉलेज?

गेल्या वर्षी गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमात एका काकूंनी विचारलं, "भाचा आलाय ना तुमच्याकडे शिकायला? कुठल्या युनिव्हर्सिटीत?" मी प्रसादाची वाटी पुढे करत म्हटलं, "इथेच, जवळच आहे." ते उत्तर मला पुढे बरेच दिवस टोचत राहिलं.

ताईचा मुलगा कराडहून कुपर्टिनोच्या डी अँझा कॉलेजात आला. हे कम्युनिटी कॉलेज. पहिली दोन वर्षं इथे करायची आणि मग विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जायचं, हा सल्ला माझाच. चार वर्षांची विद्यापीठाची फी दाजींना झेपणारी नव्हती. ठरलेले विषय आणि गुण पूर्ण केले, तर कॅलिफोर्निया विद्यापीठाचे सहा कॅम्पस काही अभ्यासक्रम वगळून प्रवेशाची लेखी हमीसुद्धा देतात. हिशेब चोख होता. पण दाजींनी गावभर सांगितलं, "पोरगं कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीत लागलं." दोन वर्षं आधीच!

सप्टेंबरअखेर वर्ग सुरू झाले. पहिल्या आठवड्यात घरी येऊन तो म्हणाला, "मावशी, माझ्या शेजारी आजीच्या वयाची बाई बसते. मागे फौजेतून आलेला एक जण. इथे कुणालाही घेतात गं." त्याच्या आवाजातली निराशा मला ओळखीची होती.

तीन महिन्यांचं सत्र म्हणजे बघता बघता परीक्षा. इंग्रजीचा पहिला निबंध खुणांनी भरून परत आला. विषय सोडून द्यावा, असं त्याच्या मनात आलं. पण एफ-१ व्हिसावर सत्राला किमान बारा युनिट घ्यावी लागतात. त्याच्या तीन विषयांची मिळून साडेचौदा होती. परवानगीशिवाय एक सोडला, तर व्हिसाच धोक्यात. त्या रात्री तो जेवलाच नाही. म्हणाला, "बाबांनी सगळ्यांना वेगळंच सांगितलंय. मी नापास झालो, तर कुठल्या कॉलेजात नापास झालो म्हणून सांगायचं?"

मी आठ वर्षं शाळेत शिकवलं, पण या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

लक्ष्मीपूजनाला कराडला व्हिडिओ कॉल लागला. फराळाचं बोलून झालं, आणि आबांनी विचारलं, "कॉलेजाचं नाव काय रे तुझ्या?" दाजी मागेच उभे होते. पोरानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सांगून टाकलं, "कम्युनिटी कॉलेज आहे, आबा. कुणालाही प्रवेश देतात. मी तिथल्याच लायब्ररीत पुस्तकं लावायचं काम करतो. आठवड्याला वीस तासांपर्यंत करू देतात."

क्षणभर कुणी बोललं नाही. मग आबा हसले. "मग आपल्या रयतसारखंच की! १९६६ साली मी साताऱ्याला शिवाजी कॉलेजात 'कमवा आणि शिका'मध्ये होतो. शेतात राबायचं आणि तासाला बसायचं. आम्हाला तरी दुसरीकडे कुणी घेतलं असतं? कर्मवीर अण्णांनी दार उघडं ठेवलं, म्हणून तुझी आई आणि मावशी शिकल्या."

दाजी काहीच बोलले नाहीत. पण फोन ठेवताना म्हणाले, "काम करतोस ते ठीक, जेवतोस ना वेळेवर?"

त्यानं विषय सोडला नाही. प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळेत जाऊन बसला, एकेक निबंध चार-चार वेळा लिहिला. मला मात्र ताकीद होती, "मावशी, तू लाल पेन घ्यायचं नाहीस." शेवटी इंग्रजीत बी मिळाला. आमच्या घरात त्या बीचे पेढे वाटले.

त्या रात्रीनंतर माझाही एक हिशेब राहिला होता. मी एम.ए., पण इथे कुणी "काय करता?" विचारलं, की "सध्या घरीच" म्हणून विषय बदलायची. एच-४ व्हिसावर नोकरी नाही, पण शिकायला बंदी नाही, हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. एम.ए. झालेल्या बाईनं पुन्हा पहिल्या वर्षाच्या मुलांत बसायचं, हेच पटत नव्हतं. जानेवारीत मी बालविकासाचा एक विषय घेतला. माझ्या शेजारी अठरा वर्षांची मुलगी बसायची. मला बघून घरी जाऊन ती काय म्हणाली असेल, याची मला कल्पना आहे!

यंदा गणपतीत त्याच काकू भेटल्या. "भाचा कुठल्या युनिव्हर्सिटीत म्हणालात?"

"युनिव्हर्सिटी नाही हो. डी अँझा, कम्युनिटी कॉलेज. मीही तिथेच जाते."