घाम फुटेपर्यंत

नोकरीच्या पहिल्या वर्षी माझी पक्की समजूत होती की लस मासळीसारखी. जितका बर्फ जास्त, तितकी ती टिकणार. मुरूडच्या किनाऱ्यावर वाढलेल्या मुलीला दुसरं काय वाटणार? डीप फ्रीझरमधले दगडासारखे आइसपॅक काढून मी थेट व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये लावायला गेले, तेव्हा मोठ्या सिस्टरांनी मनगट धरलं. "थांब गो, त्यांना घाम फुटू दे."

पेंटा, हिपॅटायटिस-बी यांसारख्या लसींत ॲल्युमिनियमचे क्षार असतात. लस गोठली की त्यांचे कण एकमेकांना चिकटतात आणि ती वितळली तरी तिच्यात पहिला जोर राहत नाही. १९९६ साली पोलिओच्या कुपीवर रंग बदलणारा चौकोन आला, पुढे इतर लसींवरही. उष्णता लागली की तो गडद होत जातो. गोठलेल्या लसीबद्दल तो अवाक्षर काढत नाही. म्हणून मला उन्हापेक्षा बर्फाची भीती जास्त.

पॅक टेबलावर मांडायचे. वर थेंब जमले की एकेक कानाशी धरून हलवायचा; आत बर्फ पाण्यात खळखळला पाहिजे. मे महिन्यात हे लवकर होतं, पौषात जीव खातं. घड्याळ लावून होणारं हे काम नाही. आता फ्रीझरमधला पॅक तसाच ठेवला तरी लस गोठू न देणारे कॅरिअर निघालेत. ते प्रत्येक उपकेंद्रात यावेत, असं मनापासून वाटतं.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या किनाऱ्यावर आदळलं. वीज गेली ती दिवसचे दिवस आली नाही. आयएलआरचं, म्हणजे लसींच्या फ्रीजचं, झाकण आम्ही कोणाला उघडू दिलं नाही. लस वीज असलेल्या ठिकाणी हलवायची ठरली, तेव्हा गाडी दारात उभी, ड्रायव्हर हाका मारतोय, रस्त्यावर माड आडवे पडलेले. तरीही पॅकना घाम फुटेपर्यंत मी कोल्ड बॉक्स भरला नाही. पोचल्यावर थर्मामीटर पाहिला: सहा अंश. दोन ते आठच्या आत. मी तिथेच खाली बसले.

पुढचं सत्र कोळीवाड्यात, कौलं उडालेल्या पडवीत झालं. मास्क लावलेली एक आई कार्ड पुढे करत रडवेली झाली. "तारीख गेली ना ताई, आता परत पहिल्यापासून टोचायचं?"

"नाही गो बाय," मी म्हटलं, "राहिलं तिथून पुढे." आणि तिच्या लेकीची डावी मांडी हातात घेतली.