रॉचडेल रस्त्यावरचं गाव

हाइट्सटाउन मागं टाकून ५७१ नंबरच्या रस्त्यानं आग्नेयेला निघालं, की काही मैलांतच न्यू जर्सीचं रूप पालटतं. गोदामं संपतात, टर्नपाइकची घरघर ऐकू येईनाशी होते, भिंतीला भिंत लावून उभी असलेली टाउनहाउसं विरळ होत जातात. शेतं लागतात, ओकची झाडी लागते आणि मग रस्त्याचं नावच बदलतं : रॉचडेल अव्हेन्यू. दोन्ही बाजूंना बसकी, सपाट छपरांची घरं. पुढं ऐसपैस अंगण, मागं झाडी. हे रूझवेल्ट. मॉनमथ कौंटीतला जेमतेम दोन चौरस मैलांचा बरो. २०२० च्या जनगणनेत इथली लोकसंख्या भरली ८०८.

रॉचडेल हे नाव या रस्त्यानं जाणाऱ्या बहुतेकांना काही सांगत नसणार. महाराष्ट्रात सहकाराच्या जी.डी.सी. अँड ए. या परीक्षेला बसलेल्या माणसाला मात्र ते पाठ असतं. मँचेस्टरजवळच्या रॉचडेल या कापडगिरण्यांच्या गावात १८४४ साली अठ्ठावीस जणांनी, त्यांत बरेच विणकर होते, पै-पै साठवून स्वतःचं वाणसामानाचं दुकान काढलं. सहकाराचं कुठलंही पाठ्यपुस्तक उघडलं, की पहिल्या धड्यात ते दुकान असतं. गावाच्या मुख्य रस्त्याला सेनापतीचं किंवा जमीनदाराचं नाव न देता विणकरांच्या दुकानाची आठवण देणारी माणसं कोण होती, हे जाणून घ्यावंसं वाटतं. मला तरी या गावाची ओढ लागली ती त्या पाटीमुळं.

ती माणसं शिवणकामगार होती. पूर्व युरोपातून न्यूयॉर्कला आलेले, यिडिश बोलणारे ज्यू. बायकांचे कोट आणि सूट शिवणं हा त्यांचा धंदा. हंगामात मान वर करायला सवड नाही आणि हंगाम सरला की महिनोन्‌महिने हाताला काम नाही. राहायला कोंदट चाळी, कामाला त्याहून कोंदट खोल्या. १९११ साली ट्रायँगल शर्टवेस्ट कारखान्यात आग लागली तेव्हा दाराला कुलूप होतं. १४६ कामगार गेले, बहुतेक तरुण मुली. त्या आगीची आठवण ज्यांच्या घराघरांत होती अशा पिढीवर पुढं १९२९ ची मंदी कोसळली. गिरणगावात वाढलेल्या माणसाला यातलं काहीच परकं वाटणार नाही.

बेंजामिन ब्राउन नावाचा गृहस्थ त्यांच्यासाठी एक योजना घेऊन उभा राहिला. तोही मूळचा युक्रेनचा. अमेरिकेच्या पश्चिमेकडं शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था बांधण्यात त्याची उमर गेली होती. त्यानं मांडलं ते असं : दोनशे कुटुंबांनी प्रत्येकी पाचशे डॉलर घालावेत, सरकारनं कर्ज द्यावं, सुमारे बाराशे एकर जमीन घ्यावी आणि तिथं तीन गोष्टी कामगारांच्याच मालकीच्या असाव्यात, कपड्यांचा कारखाना, शेती आणि दुकान. हंगामात मशीन चालवायचं, हंगाम सरला की शेत आहेच. मंदीच्या त्या दिवसांत पाचशे डॉलर ही शिवणकामगाराची आयुष्यभराची पुंजी असे. तरी माणसं पुढं आली.

राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या सरकारनं १९३३ मध्ये अशा वसाहतींसाठी स्वतंत्र खातं उघडलं होतं. ही योजना त्यात बसली. विरोधही झाला. शिवणकामगारांच्या युनियनचे पुढारी डेव्हिड डुबिन्स्की यांना भीती होती, की कारखाने असे खेड्यात जाऊ लागले तर शहरातल्या कामगाराची भाकरी जाईल. ती भीती खोटी नव्हती. योजनेच्या बाजूनं ज्यांनी आपलं वजन टाकलं त्यांत आल्बर्ट आइन्स्टाइन होते. हिटलरच्या जर्मनीतून येऊन ते नुकतेच जवळच्या प्रिन्स्टनला स्थिरावले होते. १९३६ च्या जुलैत पहिली कुटुंबं राहायला आली. पुढच्याच वर्षी वसाहतीला बरोचा दर्जा मिळाला. तेव्हाचं नाव जर्सी होमस्टेड्स.

घरांकडं थोडं थांबून पाहावं. आराखडा आल्फ्रेड कास्टनर या जर्मन वास्तुशिल्पज्ञाचा. त्याच्या हाताखाली पस्तिशीतला एक मदतनीस काम करत होता, लुई कान. अहमदाबादच्या आयआयएमच्या विटांच्या गोल कमानी ज्याच्या, ढाक्याचं संसद भवन ज्याचं, तोच हा कान. इथं त्याच्या हाती ना वीट होती ना पैसा. राखेच्या ठोकळ्यांच्या भिंती, सपाट स्लॅब, मोठ्या खिडक्या. पण ज्यांनी जन्मभर कोंदट अंधारात सुई ओवली त्यांच्यासाठी मोठी खिडकी हीच चैन, हे या माणसांनी ओळखलं होतं. प्रत्येक घराला अर्धा एकर जागा आणि घरांच्या मागून सगळ्यांच्या मालकीचा हिरवा पट्टा. रस्ते वळणावळणानं जातात, त्यांची नावंही साधी : होमस्टेड लेन, फार्म लेन, स्कूल लेन. अख्ख्या गावाची नोंद १९८३ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत आहे.

सहकार मात्र टिकला नाही. घरं वेळेवर बांधून झाली नाहीत, त्यामुळं कारखान्याला पुरेसे कामगार मिळेनात. भांडवल तोकडं, न्यूयॉर्कच्या बाजारातली स्पर्धा जीवघेणी. ‘ट्रायपॉड’ या नावानं इथले कोट बाजारात गेले. तीन पायांची ही तिवई चार वर्षांतच लंगडी झाली आणि कारखाना बंद पडला. मातीत हात घालणं शिवणकामगारांना जमलं नाही, शेतावर मजूर ठेवावे लागले, शेतीही गेली. युद्धानंतर सरकारनं घरं राहणाऱ्यांना विकून टाकली. १९४५ च्या एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट वारले, त्याच वर्षी गावानं मतदान करून त्यांचं नाव घेतलं.

या वसाहतीविषयी लिहिणारे बरेच जण हिशेबाची वही इथं मिटतात आणि खाली ‘अपयश’ असा शेरा मारतात. मला तो शेरा मान्य नाही. कोट किती खपले एवढंच मोजलं तर तो बरोबर आहे. पण नोकरी गेल्यावर ही कुटुंबं सगळीच उठून गेली नाहीत, बरीचशी इथंच राहिली. कुणी रोज तासन्‌तास प्रवास करून न्यूयॉर्कला पुन्हा मशीनवर बसू लागलं, पण घर सोडलं नाही. कारखान्यासाठी आलेले लोक कारखाना गेल्यावर शेजारी म्हणून उरले. ते कशामुळं राहिले याचं उत्तर गावाच्या शाळेत, एका भिंतीवर आहे.

बेन शान १८९८ साली लिथुएनियात जन्मला, लहानपणी ब्रुकलिनला आला आणि लिथोग्राफीच्या कारखान्यात हात काळे करत चित्रकार झाला. मेक्सिकोच्या दिएगो रिव्हेराच्या हाताखाली त्यानं भिंतीवर चित्र काढायचं शिक्षण घेतलं. या वसाहतीच्या सार्वजनिक इमारतीत, जी पुढं शाळा झाली, चित्र काढायचं काम त्याच्याकडं आलं. १९३८ मध्ये ते पुरं झालं : पंचेचाळीस फूट लांब, बारा फूट उंच, ओल्या गिलाव्यावर रंगवलेलं.

चित्र डावीकडून वाचत जायचं. बोटीच्या फळीवरून माणसं उतरताहेत, बोचकी, टोप्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका. घोळक्याच्या पुढं केस विस्कटलेला आइन्स्टाइन. त्या गर्दीत शाननं आपल्या आईलाही जागा दिली आहे. एका बाजूला साको आणि व्हान्झेटी यांच्या शवपेट्या आहेत. त्या दोन इटालियन कामगारांना १९२७ मध्ये मृत्युदंड झाला होता आणि शान त्या अन्यायावर आधीच चित्रमालिका करून चुकला होता. म्हणजे ज्या देशानं आसरा दिला त्या देशाचं पापही दारातच मांडलं आहे. सरकारी पैशानं काढलेल्या चित्रात हे धैर्य दाखवणं सोपं नव्हतं. मधल्या भागात मशीनवर आणि इस्त्रीवर वाकलेली माणसं, इतकी दाटीवाटीनं, की पाहणाऱ्याचाही श्वास कोंडावा. मग उंचावर उभा राहून बोलणारा कामगार पुढारी. आणि शेवटी उजवीकडं एक टेबल, त्यावर नकाशा पसरलेला, भोवती बसलेली माणसं, मागं रूझवेल्टचं पोस्टर. नकाशा या गावाचाच आहे.

इथली मुलं रोज या भिंतीखालून जातात. पाचवीपर्यंतच इथं वर्ग आहेत. पुढं मुलं हाइट्सटाउनच्या बाजूच्या शाळांत जातात. पण अक्षरओळखीच्या वयात आपलं गाव कुठून आलं हे एवढ्या मोठ्या भिंतीवर वाचायला मिळणं फार थोड्या मुलांच्या वाट्याला येतं. आपल्याकडं गावाचा इतिहास मुलांना भेटतो तो बहुतेक राजेरजवाड्यांचा. आपल्या आज्याच्या इस्त्रीचं चित्र कुठल्या शाळेत आहे?

चित्र झालं आणि शान गेलाच नाही. तो आणि त्याची जोडीदार, चित्रकार बर्नार्डा ब्रायसन, याच गावात घर घेऊन राहिले. १९६९ मध्ये तो वारला. बर्नार्डाबाई २००४ मध्ये, एकशे एक वर्षांच्या होऊन, इथंच गेल्या. त्यांच्या ओढीनं आणि स्वस्त घरांमुळं पाठोपाठ चित्रकार, छायाचित्रकार, लेखक, संगीतकार आले : ग्रेगोरिओ प्रेस्टोपिनो, जेकब लँडाउ, जॅझच्या तबकड्यांची मुखपृष्ठं काढणारे डेव्हिड स्टोन मार्टिन, छायाचित्रकार सॉल लिब्सन, एडविन आणि लुईझ रॉस्कम. एडविन रॉस्कमनं १९७२ मध्ये गावावर पुस्तक लिहिलं; मोठी स्वप्नं आणि काळानं त्यांचं काय केलं, हा त्याचा विषय. शिंपी आणि चित्रकार एकाच गल्लीत राहू लागले, आणि बाहेरून विचित्र दिसणारी ही सोबत छान जुळली. दोघंही हातानं काम करणारे, दोघांनाही हंगामी मिळकत. शिवाय दोघांचाही बोलण्याचा सोस दांडगा.

बोलण्याची सोय गावानं टिकवली आहे. पत्रं इथं घरोघर येत नाहीत; टपाल कार्यालयातल्या आपल्या पेटीतून ती आणायची. म्हणून दिवसातून एकदा बहुतेकांच्या गाठी पडतात. तब्येतीची चौकशी होते, मांजर हरवल्याचं कळतं, कौन्सिलमध्ये काल कोण काय म्हणालं तेही समजतं. ‘बरो बुलेटिन’ हे छोटं मासिक गावकरी बिनपगारी काढतात. ‘रूझवेल्ट आर्ट्स प्रोजेक्ट’तर्फे कविता, गाणी, नाटकं होतात, वाचणारा आणि ऐकणारा दोघंही बहुधा शेजारीच असतात. न्यू जर्सीत बरो म्हणजे स्वतःचा कारभार स्वतः पाहणारं गाव. एक महापौर, सहा सभासद. आठशे माणसांत सात जण कारभारी म्हटल्यावर सत्ता फार दूर कुठं राहणार? जो कर वाढवतो तो पेटीशेजारी उभा असतो.

हे सगळं गोडीगुलाबीचं नसतं. २००० नंतरच्या दशकात इथल्या सिनेगॉगमध्ये येशिवा, म्हणजे धर्मशिक्षणाची शाळा, सुरू करण्यावरून गाव दुभंगलं. ज्यूंनीच वसवलेल्या गावात ज्यूंच्याच पाठशाळेवरून भांडण पेटलं, आणि महापौरांना पदावरून काढायचं की नाही यावर मतदान घेण्यापर्यंत ते गेलं. छोट्या गावातलं भांडण वाईट असतं, कारण पाठ फिरवून जायला दुसरी गल्ली नसते. पण टपालाच्या त्याच पेट्यांपाशी दोन्ही बाजूंची माणसं दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, हेही खरं. मला ते गावाच्या गुणात धरावंसं वाटतं.

काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. बाजारपेठ नाही, कारखाना नाही, म्हणजे शाळेचा, पाण्याचा, रस्त्यांचा सगळा भार घरपट्टीवर. न्यू जर्सीत आज ५६४ नगरं आणि गावं आपापला कारभार वेगळा चालवतात. हिशेबनीसांना ही उधळपट्टी वाटते, आणि विलीनीकरणाची सूचना अधूनमधून येतच असते. २०१३ मध्ये प्रिन्स्टनचा बरो आणि शेजारची टाउनशिप मिळून एकच नगर झालं. शाळेतली पटसंख्याही छोट्या गावात कायम डोळ्यांपुढं ठेवावी लागते. दोन कारकून कमी झाले तर डॉलर वाचतील हे कबूल. पण रूझवेल्टसारखं गाव मोठ्या टाउनशिपचा एक वॉर्ड झालं, तर टेबलावर पसरलेल्या त्या नकाशाभोवती बसायचा हक्कच गावकऱ्यांच्या हातून जाईल. तो हक्क मिळवायला माणसांनी पाचशे-पाचशे डॉलर मोजले होते. माझं मत ठाम आहे : हे गाव वेगळं राहिलं पाहिजे.

गावात एक उघडं रंगमंदिर आहे. गवताच्या उतारावर बैठक, समोर फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं शिल्प. केलं बेन शानच्या मुलानं, जोनाथननं. १९६२ च्या जूनमध्ये त्याचं अनावरण झालं तेव्हा त्यांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट स्वतः आल्या होत्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्या वारल्या. तिथून थोड्याच अंतरावर असन्पिंकचं राखीव रान सुरू होतं, तळी आहेत, पाणपक्षी आहेत, चालायला पायवाटा आहेत.

ईस्ट विंडसर, प्लेन्सबोरो, एडिसन इथं आज हजारो मराठी घरं आहेत. मित्रमंडळी आली की आपण त्यांना न्यूयॉर्क दाखवतो, प्रिन्स्टनचं आवार दाखवतो. प्रवरानगरला १९५० मध्ये शेतकऱ्यांनी स्वतःचा साखर कारखाना चालू केला, त्या महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला रूझवेल्ट पाहिल्याशिवाय न्यू जर्सी पुरतं पाहिल्याचं समाधान मिळू नये. तेव्हा एखादा शनिवार काढा, सोबत मुलांना घ्या, रॉचडेल अव्हेन्यूवर गाडी लावून पायी हिंडा. भित्तिचित्र शाळेत आहे, आणि शाळा मुलांची आहे. म्हणून ते पाहायचं असेल तर आधी विचारून, वेळ ठरवून जा.