पाटीवरच्या आठ जणी

दूरदर्शनवर खेळ पाहणारा आणि मैदानावर जाऊन पाहणारा हे दोन निराळ्या जातीचे वाचक आहेत, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. पहिल्याला संपादित प्रत मिळते. दुसऱ्याच्या हाती हस्तलिखित येते, खाडाखोडीसकट. १९९८ च्या बँकॉक एशियाडमध्ये धनराज पिल्ले यांच्या संघाने हॉकीचे सुवर्ण मिळवले, ते मी संपादित प्रतीतच पाहिले. पुढे काही वर्षांनी चर्चगेटच्या महिंद्र स्टेडियमवर पहिल्यांदा प्रत्यक्ष सामना पाहायला बसले, तेव्हा चेंडू दिसेचना. पडद्यावर कॅमेरा आपल्या वतीने चेंडू शोधत असतो, हे तोवर ध्यानातच आले नव्हते. मैदानावर हॉकी डोळ्यांआधी कानांना कळते. स्टिकचा कोरडा आवाज, मग गोलाच्या फळीवर ‘धाड्’, आणि त्यानंतर केव्हातरी आपल्याला उमगते की गोल झाला. तोवर शेजारचे उभे राहिलेले असतात.

फुटबॉल त्यामानाने डोळ्यांना सोपा. पण कोल्हापुरात तो पाहणे सोपे नाही. शिवाजी विद्यापीठात उजळणी वर्गासाठी काही आठवडे राहण्याचा योग आला, तेव्हा एका दुपारी व्याख्यान बुडवून आम्ही दोघी-तिघी शाहू स्टेडियम गाठले. पाटाकडील तालीम मंडळ विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ. संघांची ही नावेच वाचावीत! इंग्रजी खेळ तालमीच्या आणि मंडळाच्या पोटात इतका मुरला आहे की तो बाहेरून आला होता हे सांगूनही खरे वाटू नये. पायऱ्या भरून वाहत होत्या; आमच्या आसपास बायका मोजक्याच. एका बाजूला मंगळवार पेठ, दुसऱ्या बाजूला शिवाजी पेठ, आणि मध्ये आम्ही. शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी आपुलकीने विचारले, ‘‘तुम्ही कुठल्या पेठंतल्या म्हणायचं?’’ मी उस्मानाबादची म्हणताच ते हसले. ‘‘मग तुम्हाला काय, कुणीबी जिंकू दे.’’

त्यांचे म्हणणे रास्त होते, आणि म्हणूनच ते लागले. गोल होताच अर्धे मैदान उसळले, उरलेले अर्धे गोठले. या दोन्हींपैकी माझे काहीच नव्हते. साहित्याच्या वर्गात आपण तटस्थ रसास्वादाचे पुष्कळ गोडवे गातो. त्या पायऱ्यांवर ती तटस्थता म्हणजे निव्वळ पोरकेपण होते. (अशा पेठनिष्ठेला दगडफेकीचीही बाजू आहे, हे कोल्हापूरकर स्वतःच सांगतील.)

माझी पेठ मला सापडली ती नोव्हेंबर २०२२ मध्ये, घरापासून रिक्षाच्या अंतरावर. वरिष्ठ गटाची ५५ वी राष्ट्रीय खो-खो स्पर्धा आमच्या गावी तुळजाभवानी स्टेडियमवर झाली. गावाचे नावच तेव्हा अधांतरी होते. राज्याचा नामांतराचा निर्णय झालेला, केंद्राची मंजुरी यायची होती; ती पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये आली. त्यामुळे बोलताना कुणी उस्मानाबाद म्हणे, कुणी धाराशिव. खो-खोच्या बाबतीत मात्र गावात दोन मते नव्हती. आमच्या सारिका काळे हिच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले आणि २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, हे येथे शाळकरी पोरही घडाघडा सांगते.

खो-खो हा मैदानावरच पाहावा असा खेळ आहे. पाटीवर आठ जणी बसलेल्या, एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून. म्हणजे कोणत्याही क्षणी प्रत्येकीला निम्मेच मैदान दिसते. पळणारी पाठीमागे गेली की नुसता पावलांचा आवाज. पाठलाग करणारीला मधली पाटी ओलांडता येत नाही, एकदा घेतलेली दिशा खांब गाठेपर्यंत बदलता येत नाही. पळणारीला सारे मोकळे. हा अन्याय भरून निघतो तो केवळ ‘खो’ने. पाठीमागून हाक आली की बसलेलीने उठायचे, आणि न पाहिलेल्या पाठलागात क्षणार्धात शिरायचे. मराठीत आपण एखाद्याच्या कामात ‘खो घालतो’ तो अडथळा म्हणून. मैदानावर मात्र खो मिळाल्याशिवाय काम पुढे सरकतच नाही. एकाच शब्दाची ही दोन टोके भाषेने कशी सांभाळली, याचा उलगडा मला अजून झालेला नाही. असो.

त्या दिवशी माझ्या शेजारी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातली एक विद्यार्थिनी आणि तिची आई बसल्या होत्या. मुलगी महाविद्यालयाच्या संघात खेळायची. घरी तिच्या लग्नाची बोलणी सुरू होती, आणि ‘खेळ पुरे आता’ हे वाक्य त्या बोलण्यांत गृहीतच होते. आईला मुलीने हट्टाने आणले होते. लेकीचा सोडा, कुणाचाच सामना त्यांनी कधी पाहिला नव्हता. पहिली दहा-पंधरा मिनिटे त्या पदर सावरत माणसेच पाहत होत्या. मग महाराष्ट्राच्या एका मुलीने खांबाशी सूर मारून गडी बाद केला, आणि बाईंच्या तोंडून ‘‘आगं बया!’’ निसटले. पुढच्या पाळीत पळती टिकून राहिली तसतशा त्या सेकंद मोजू लागल्या, ओठांतल्या ओठांत, भांडी मोजावीत तशा.

मध्यंतरात त्यांनी मला विचारले, ‘‘मॅडम, ह्याच्यावर नोकरी लागती का?’’ सारिका तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी झाली, शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण असते, हे मी सांगितले. लागेलच, असे म्हटले नाही. दर वर्षी किती मुली खेळतात आणि किती अधिकारी होतात, हे वर्गात हजेरी घेणाऱ्याला ठाऊक असते. बाईंनी ऐकून घेतले. होय नाही, नाही नाही.

त्या स्पर्धेत महाराष्ट्राने पुरुष आणि महिला अशी दोन्ही विजेतेपदे पटकावली. माझा आवाज दोन दिवस बसला होता. ‘तुम्हाला काय’ असे विचारायला आता कोणी उरले नव्हते.

त्या मायलेकी गर्दीतून माझ्यापुढेच फाटकाकडे चालल्या होत्या. आईने लेकीचा दंड धरला होता. बराच वेळ काही न बोलता चालल्यावर त्यांनी विचारले, ‘‘तू कितवी बसतीस गं त्या पाटीवर?’’