मध्यार्जुनचा राजा

तंजावरच्या अमरसिंहाची बोळवण मी कित्येक वर्षे एका वाक्यात करत आलो: दुसऱ्या सरफोजी राजांच्या वाटेतला काटा. आता तसे बोलवत नाही. सरफोजींवरचा माझा लोभ तसूभरही कमी झालेला नाही हे आधीच सांगतो, नाहीतर तंजावरप्रेमी मित्र अंगावर येतील.

लोभ का असू नये? सरस्वती महालातला ग्रंथसंग्रह, धन्वंतरी महालातले औषधांचे प्रयोग, डोळ्यांच्या रुग्णांची चित्रांसह टिपणे, ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र. 1805 साली छापखाना काढला आणि 1806 साली ‘बालबोध मुक्तावली’ देवनागरीत छापली. तेव्हा पुण्यात पेशवाई होती. यापुढे अमरसिंहाने काय ठेवावे? त्याच्या खाती कारभारी शिवरावाची जाचक वसुली आणि लहानग्या सरफोजींचा छळ.

हे मत डळमळले ते तारखा एकीखाली एक मांडल्यावर. 1773 मध्ये अर्काटच्या नवाबाने तंजावर गिळले, 1776 मध्ये ते परत मिळाले. 1781 मध्ये हैदर अलीच्या स्वारीने कावेरीकाठ उजाड झाला. 1787 मध्ये तंजावरचे तुळजाराजे वारले. त्यांनी नऊ-दहा वर्षांच्या सरफोजींना दत्तक घेतले होते, पण ईस्ट इंडिया कंपनीने बोलावलेल्या पंडितांनी दत्तविधान अशास्त्रीय ठरवले आणि राजांचा सावत्र भाऊ अमरसिंह गादीवर आला. त्याच्या वाट्याला आला ओसाड मुलूख, आणि त्यातूनच भागवायची कंपनीची खंडणी. अशा राज्यात वसुली मवाळ कुठून असणार!

पुढे पंडितांना पुन्हा विचारले, या वेळी पार काशीपर्यंत. दत्तक वैध निघाला. शास्त्र तेच, मूलही तेच. पहिल्या पंडितांनी लाच खाल्ली असे सांगतात, खाल्लीही असेल. 1798 मध्ये अमरसिंहाला गादीवरून काढले, सरफोजी आले, आणि ऑक्टोबर 1799 च्या तहाने सगळा कारभार कंपनीकडे गेला. राजांना उरला किल्ला, वर्षाला एक लाख होन आणि निव्वळ वसुलीचा पाचवा हिस्सा. छापखाना, छत्र, दवाखाना हे सगळे त्यानंतरचे. रयतेकडून सारा उगवायचे काम डोक्यावरून उतरले, तेव्हा हात सुधारणांना मोकळे झाले. पैसा मिळूनही ऐषारामात बुडालेले संस्थानिक काय कमी होते? म्हणून सरफोजींचे मोठेपण अबाधितच आहे. पण सारा उगवणाऱ्या राजाला त्यांच्या मापाने मोजणे मला आता पटत नाही.

शिवाय अमरसिंहाविषयी आपल्याला सांगतात कोण? सरफोजींचे पालक-गुरू पाद्री श्वार्ट्‌झ, अमरसिंहाला काढणारी कंपनी, आणि बृहदीश्वराच्या भिंतीवरचा 1803 चा मराठी शिलालेख, जो सरफोजींच्याच आज्ञेने कोरला. तिघांपैकी एकालाही त्याचे भले लिहायचे कारण नव्हते.

तो साधुपुरुष होता असे मी म्हणत नाही. तुळजाराजांच्या राण्यांना आणि सरफोजींना 1793 मध्ये मद्रासेत हलवावे लागले, हा डाग धुतला जात नाही.

पदच्युत झाल्यावर वर्षाला 25,000 होनांच्या नेमणुकीवर तो तिरुविडैमरुदूरला, म्हणजे मराठी कागदांतल्या मध्यार्जुनला, येऊन राहिला आणि 1802 मध्ये वारला. त्याच्या घराण्याच्या दरबाराशी घनम् कृष्णय्यर या गवयाचे नाव जोडलेले आहे. तिथल्या महालिंगस्वामीच्या देवळात हाती दिवा धरलेली एका मराठी स्त्रीची धातूची मूर्ती आहे. घराण्यातल्या प्रतापसिंहाशी लग्न व्हावे म्हणून लक्षदीपाचा नवस बोललेल्या अम्मणीची ती, असे सांगतात. तंजावर पाहून परतणाऱ्या मराठी मंडळींपैकी किती जण तिथवर जातात कोण जाणे.

सरफोजी हे तंजावरचे सर्वांत विद्वान राजे, यात वाद नाही. पण स्वतःच्या मुलखावर वर्षानुवर्षे स्वतः कारभार चालवणारा, चांगला म्हणा वा वाईट, तिथला शेवटचा भोसले अमरसिंहच.