काळ्या मातीत तीन पाय

भातकुलीच्या शिवारात तीन पायांचं काहीही उभं केलं की ते मोजणीचं असतं, असं लोक धरूनच चालतात. पांदणीनं जाणारी दुचाकी थांबते आणि विचारणा होते, "कोणाच्या वावराची मोजणी होय जी?" फोटो काढतोय म्हटलं की विश्वास बसत नाही. रिकाम्या आभायाचा फोटो कायले? धुऱ्याचं भांडण कोर्टात असलेल्या एका काकांनी तर माझ्या ट्रायपॉडचे तिन्ही पाय नेमके कुठे टेकलेत, ते वाकून पाहून ठेवलं होतं.

पुढे खरी मोजणीच माझ्या कामी आली. ते ओघात येईलच.

मी शाळेत शिकवतो. कॅमेरा साधा, लहान सेन्सरचा. सोबत 18-55, 50 आणि 70-300 अशी तीन भिंगं. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. पूर्णेच्या खोऱ्यातली ही सपाट काळी जमीन अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरली आहे. डोंगर नाही, दाट झाडी नाही. पश्चिमेला पऱ्हाटी आणि तुरीच्या वर थेट आभाळ सुरू होतं. फोटो काढणारे लोक इथून मेळघाटात पळतात, पण रात्रीचं आभाळ टिपायला अशी उघडी क्षितिजरेषा चिखलदऱ्यालाही मिळत नाही. फक्त त्यासाठी शटर काही सेकंद उघडं ठेवावं लागतं आणि तिथे हाताचं काम संपतं. 2024 च्या उन्हाळ्यात, ऑक्टोबरमध्ये मोठा धूमकेतू दिसणार अशा बातम्या यायला लागल्या तेव्हा मी ट्रायपॉड घ्यायचं नक्की केलं. घरातून आठ हजारांपर्यंत मंजुरी मिळाली. "आणि तो घरात उभा करून ठेवायचा नाही," ही सोबतची अट.

माझ्या मामेभावाचा अमरावतीत स्टुडिओ आहे, लग्नाच्या ऑर्डरी घेतो. त्याचं मत ठाम. "दादा, जड घे. जड ते टिकते. हलकं असलं का लगनात कोनी पाय लावला अन् गेलं." त्यानं त्याचा जुना व्हिडिओचा स्टँड वापरायला दिला. पाच-सहा किलोचा, मध्ये तीन आडव्या पट्ट्यांनी पाय एकमेकांना बांधलेले. मंगल कार्यालयाच्या फरशीवर तो खांबासारखा उभा राहतो. धुऱ्यावर मात्र तो उभाच राहीना, कारण धुरा म्हणजे दोन्हीकडे उतार. एक पाय वर आणि दोन खाली ठेवायचे तर प्रत्येक पाय वेगळ्या कोनात उघडायला हवा, आणि मधल्या पट्ट्या तेच होऊ देत नाहीत. पेढी नदीच्या काठावरही तोच प्रकार. शिवाय तो घेऊन एसटीत चढलो तर दोन सीट त्याच्याच. एकदा कंडक्टरनं त्याच्या पिशवीकडे पाहून विचारलंही, "सर, बंदूक तं नाही ना?"

मग दुकानं फिरलो. दोन-अडीच हजारांत मिळणारे ट्रायपॉड दिसायला देखणे असतात, पाण्याचा बुडबुडा, मोबाइलचा क्लिप, खांद्याची पिशवी, सगळं सोबत. डब्यावर किती किलो भार पेलतो तेही छापलेलं असतं. या आकड्यावर मी विसंबलो नाही. सगळ्या कंपन्यांना बांधील असा मोजणीचा एकच नियम नाही, जो तो आपल्या पद्धतीनं मोजतो. आणि पाय मोडत नाही म्हणजे कॅमेरा हलत नाही, असं थोडंच आहे? आपल्याला दुसरी गोष्ट हवी असते. त्यासाठी दुकानात करता येण्यासारखी एक चाचणी आहे. आपलं सर्वांत लांब भिंग लावून कॅमेरा ट्रायपॉडवर चढवायचा, मागच्या पडद्यावर चित्र दहापट मोठं करायचं आणि ट्रायपॉडच्या पायाला बोटानं टिचकी मारायची. चित्र थरथरतं. ते शांत व्हायला किती वेळ लागतो, ते पाहायचं. स्वस्तातल्या एकावर 300 मिमीला ते थांबायचं नावच घेईना. दुकानदार म्हणाला, "टिचकी मारून फोटो काढते का कोनी?" बरोबर आहे त्याचं, पण आमच्याकडे वारा मारतो.

या चाचणीत एक खोट होती. दुकानातली जमीन गुळगुळीत टाइल्सची आणि मला उभं राहायचं होतं काळ्या मातीत. तो धडा मला मिळाला खऱ्या मोजणीवाल्यांकडून.

शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या वावराची मोजणी होती, मी सोबत गेलो. भूमी अभिलेखचे भूकरमापक आले, त्यांनी यंत्राचा तिपाई स्टँड काढला. प्रत्येक पायाच्या टोकाला लोखंडी बूट, बुटाच्या वर पाऊल ठेवायला एक छोटी पायरी. त्यांनी पायरीवर पाय देऊन एकेक टोक जमिनीत दाबलं, तेही सरळ खाली नाही, तर पाय ज्या तिरक्या रेषेत होता त्याच रेषेत. मग यंत्र चढवलं, बुडबुडा मध्ये आणला आणि गप्प थांबले. मी विचारलं, आता काय? म्हणाले, "पाहा." काही वेळानं बुडबुडा किंचित सरकला होता. पुन्हा मध्ये आणला, पुन्हा थांबले. "हे माती बसते हळूहळू. स्टँड ठेवायचा नसते सर, रोवायचा असते. अन् आता याच्याजवळून चालू नका, तुमच्या पायानं बी तो हलते." मी मुद्दाम दोन पावलं टाकली. बुडबुडा हलला. मोजणीवाले अजूनही लाकडी स्टँड का पसंत करतात तेही त्यांनीच सांगितलं. लाकूड उन्हात धातूइतकं फुगत नाही आणि थरथर पोटात घेतं.

वऱ्हाडच्या या मातीवर अशी यंत्रं दोनशे वर्षांपासून उभी राहताहेत. भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा प्रमुख विल्यम लॅम्बटन उत्तरेकडे सरकत असताना 1823 मध्ये हिंगणघाटला वारला. पुढे जॉर्ज एव्हरेस्टनं ती मोजणी एलिचपूरजवळच्या टाकळखेड्यापर्यंत आणली. एलिचपूर म्हणजे आपलं अचलपूर. लॅम्बटनचं मोठं थिओडोलाइट सुमारे अर्धा टन वजनाचं होतं. पावसाळ्यानंतर ते या जमिनीवरून ओढत नेणाऱ्यांचं काय झालं असेल, ते इथे बैलगाडी रुतलेली पाहिलेल्या माणसाला सांगावं लागणार नाही.

काळी माती ओली असली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात इथे अशा भेगा पडतात की ट्रायपॉडचा पाय सहज आत जावा. पावसाळ्यानंतर वरचा थर वाळलेला दिसतो आणि खाली लोणी असतं. म्हणून मी यादी उलटी धरली, आधी जमीन, मग कॅमेरा. तिन्ही पाय स्वतंत्र कोनात उघडले पाहिजेत. टोकं बदलता आली पाहिजेत, कारण चिखलदऱ्याच्या मुरमाड गवतात अणकुचीदार खिळा छान धरतो, पण ओल्या काळ्या मातीत तोच खिळा सुरीसारखा आत जातो. तिथे पसरट तळवा हवा. मधला दांडा वर न काढता कॅमेरा निदान छातीपर्यंत यावा. दांडा वर काढला की तीन पायांचा ट्रायपॉड एका पायाचा होतो.

राहिली नळी. घडी लहान व्हावी म्हणून प्रवासी ट्रायपॉडच्या पायांना चार किंवा पाच टप्पे देतात. प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा बारीक, त्यामुळे पाच टप्प्यांच्या पायाची शेवटची नळी पेन्सिलीएवढी होत जाते आणि सगळी थरथर तिथेच जन्मते. नळीच्या पत्र्याची जाडी तीच ठेवून व्यास 22 मिमीवरून 28 वर नेला तर तिचा कडकपणा जवळजवळ दुप्पट होतो. वजनात पडणारा फरक त्या मानानं किरकोळ. तेव्हा पाच टप्पे नकोत, चार चालतील, वरची नळी 28 मिमीची हवी, एवढं ठरलं. कार्बन फायबर हलका असतो, थरथरही लवकर जिरवतो, पण त्याची किंमत माझ्या मंजुरीच्या दुपटीच्या पुढे सुरू होत होती. ॲल्युमिनियमवर समाधान मानलं. बॉल हेडची प्लेट मात्र आर्का पद्धतीचीच, 38 मिमी रुंदीची घेतली. एखाद्या कंपनीची आपलीच वेगळी प्लेट असली आणि ती वावरात पडली, तर दुसरी मिळेपर्यंत ट्रायपॉड कपडे वाळत घालायच्या कामाचा. आर्काची कुणाचीही चालते.

अखेर मिळाला तो दोन किलोला थोडा कमी, पाय उलटे वर दुमडून घडी हातभर, किंमत मंजुरीच्या आत. भाऊ हातात घेऊन म्हणाला, "हलका वाट्टे." सुताराकडून प्लायवूडचे तळहाताएवढे तीन तुकडे आणले, प्रत्येकाच्या मध्ये उथळ खळगा करून घेतला. त्याचे पैसे सुतारानं घेतले नाहीत.

धूमकेतूचं नाव त्सुचिन्शान-ॲटलस. 2023 च्या सुरुवातीला चीनमधली पर्पल माउंटन वेधशाळा आणि ॲटलस या शोधयंत्रणेची दक्षिण आफ्रिकेतली दुर्बीण यांना तो सापडला. 12 ऑक्टोबर 2024 च्या सुमारास तो पृथ्वीपासून सर्वांत जवळ, सुमारे 7 कोटी किलोमीटरवर आला. नेमका तो दसऱ्याचा दिवस. त्यानंतर तो संध्याकाळी पश्चिमेला, शुक्र आणि स्वाती यांच्या मधल्या पट्टीत दिसू लागला. अडचण एवढीच की कोजागिरी 16 तारखेला होती, म्हणजे रोज चांदणं वाढत जाणार. सोयाबीन निघालेल्या एका वावराच्या कडेला आम्ही उभे राहायचो. सोबत अमरावतीचा एक तरुण मुलगा असायचा, त्याच्याकडे माझ्या चौपट किमतीचा कार्बनचा ट्रायपॉड, खाली खिळे लावलेले. 50 मिमी भिंगाला माझ्या कॅमेऱ्यावर साधारण सहा-सात सेकंदांपर्यंत तारे ठिपक्यासारखे राहतात, त्यापुढे पृथ्वीच्या फिरण्यानं त्यांच्या रेघा होतात. आम्ही चार सेकंदांवर काम करत होतो. त्याच्या फोटोत तरी रेघा येत होत्या.

कॅमेऱ्याची सेटिंग तपासून झाली, भिंगातलं स्टॅबिलायझेशन बंद करून झालं. मग मी बॅटरी लावून खाली पाहिलं तर खिळे पूर्ण आत गेले होते आणि एक पाय अजून उतरतच होता. माझ्या तीन प्लायवूडांपैकी दोन त्याला दिले, तिसऱ्या पायाखाली त्याच्या डब्याचं झाकण. मी आपले रबरी तळवे दाबून रोवले आणि भूकरमापकांसारखा थांबलो. दोन सेकंदांचा टायमर, आणि शटर उघडं असताना कुणीही पाय हलवायचा नाही. त्यानंतर दोघांनाही शेपटी स्वच्छ मिळाली. वारा सुटला तेव्हा मात्र त्याचा ट्रायपॉड माझ्यापेक्षा सरस ठरला, हे मान्य करायला हवं. मी मधल्या हुकला पिशवी लटकवली, तर ती झोके घेऊ लागली आणि थरथर वाढली. पिशवीचा तळ जमिनीला टेकेल एवढा पट्टा सोडला तेव्हा कुठे जमलं.

एक तपशील नव्या माणसासाठी. पाय उघडताना आधी वरच्या जाड नळ्या काढाव्यात, सर्वांत बारीक नळी अगदी लागलीच तर. उतारावर दोन पाय उताराच्या बाजूला ठेवावेत.

हा ट्रायपॉड सगळीकडे चालतो असं नाही. मेळघाटच्या सफारीत जिप्सीत तो उघडायला जागाच नसते. तिथे मी कापडी पिशवीत सरकी भरून नेतो आणि ती गाडीच्या कडेवर ठेवून त्यावर भिंग टेकवतो. सरकी वऱ्हाडात कुठेही मिळते, आणि हंगाम संपला की ती गाईला जाते. तांदळात ती सोय आहे, पण घरातून परवानगी नाही. गाविलगड, नरनाळा हे किल्ले केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत. तिथे ट्रायपॉड लावायला वेगळी परवानगी लागते, ती आधीच विचारून घ्यावी. पौषातल्या रविवारी ऋणमोचनला पूर्णेकाठी यात्रा भरते, तिथेही मी तो नेत नाही. गाडगेबाबांनी जिथे माणसांच्या सोयीसाठी घाट बांधला, तिथे आपण तीन पाय पसरून वाट अडवणं बरं दिसत नाही.

देखभालीचं एकच सांगतो, कारण ते कुठल्या माहितीपत्रकात सापडणार नाही. आमच्या भागातलं बोरचं पाणी खारं. चिखलानं माखलेला ट्रायपॉड त्या पाण्यानं धुतला की वाळल्यावर नळ्यांवर पांढरे डाग येतात आणि लॉकच्या आट्यांत क्षार बसतो. मी नळाचं गोडं पाणी बादलीत धरून ठेवतो. फिरवून बंद होणारे लॉक घेतले तेही याचसाठी, ते हातानं पूर्ण उघडता येतात. खटक्याच्या लॉकला पाना लागतो. नळी बाहेर काढली की आतून प्लास्टिकच्या दोन अर्धगोल पट्ट्या पडतात, त्या कोणत्या खाचेत होत्या ते आधी पाहून ठेवावं, नाहीतर पाय पुन्हा घट्ट बसत नाही. पुसून, वाळवून, आट्यांना बोटभर ग्रीस लावलं की झालं.

भावानं गेल्या लग्नसराईत तो माझ्याकडून दोनदा नेला. मंगल कार्यालयात नाही, वावरात प्री-वेडिंगचं शूटिंग होतं म्हणून. दुसऱ्यांदा परत आणला तेव्हा प्लायवूडचा एक तुकडा कमी होता. "नवा करून देतो," म्हणाला. अजून दिलेला नाही.