बाईंचं देणं

बी.ए.ला माझं अर्थशास्त्र स्पेशल होतं आणि जर्मन जनरल. स्पेशलच्या तासाला महायुद्धानंतरची जर्मनी भेटायची ती आकड्यांतून: रेशनकार्डं, काळा बाजार, चलनासारख्या फिरणाऱ्या सिगारेटी आणि मग जून १९४८ मध्ये आलेला डॉइच मार्क. त्याच काळातली जर्मनी आमच्या जर्मनच्या बाईंनी शिकवली ती वोल्फगांग बोर्शर्टच्या ‘दास ब्रोट’ या जेमतेम दोन-अडीच पानांच्या कथेतून. पुढे आयुष्यभर जे काम केलं, ते करायची नजर मला त्या जनरलच्या तासाने दिली.

बोर्शर्ट हाम्बुर्गचा. सक्तीने आघाडीवर गेला, नाझींच्या तुरुंगात राहिला, शरीराची पार दैना होऊन घरी परतला आणि नोव्हेंबर १९४७ मध्ये, अवघ्या २६ व्या वर्षी, बाझेलला वारला. दुसऱ्याच दिवशी हाम्बुर्गच्या रंगमंचावर त्याच्या नाटकाचा पहिला प्रयोग झाला.

‘दास ब्रोट’ १९४६ मधली. मध्यरात्री अडीचला म्हातारीला जाग येते. शेजारी नवरा नाही. तो स्वयंपाकघरात उभा असतो. टेबलावर पावाची ताटली, सुरी आणि कापडावर पावाचा चुरा. आवाज आला म्हणून उठलो, असं तो सांगतो. तीही बाहेर पन्हळ वाजली असेल म्हणते, दिवा मालवते. अंधारात तो हळूहळू चावत असतो आणि आपण जागे आहोत हे त्याला कळू नये म्हणून ती संथ श्वास घेत राहते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती त्याच्यापुढे तीनऐवजी चार तुकडे ठेवते. मला हा पाव सोसत नाही, म्हणते.

बाईंनी अख्खा तास त्या चुऱ्यावर घेतला. टेबलावरचं कापड ती रोज झोपण्यापूर्वी साफ करते, हे वाक्य त्यांनी आमच्याकडून शोधून घेतलं. “तिला कळलं, हे लेखकाने कुठे लिहिलंय? बोट ठेवून दाखवा,” असा त्यांचा आग्रह असे. कथा लिहिली गेली त्या वर्षी हाम्बुर्ग ज्या ब्रिटिश विभागात होतं, तिथलं रेशन माणशी दिवसाला सुमारे १,००० कॅलरींवर आलं होतं. मी हे सांगितल्यावर त्यांनी मला उठवून तो आकडा फळ्यावर लिहायला लावला, त्या वाक्याच्या बरोबर शेजारी. माझे दोन विषय तिथे पहिल्यांदा एकमेकांशी बोलले.

पुढे दुष्काळी भागात घरोघर पाहणी करायचं काम आलं. रकाना ठरलेला: घरात रोज किती भाकरी होतात. मराठवाड्यातल्या एका वस्तीवर एक बाई सगळ्यांचा हिशेब सांगून म्हणाल्या, “मला न्हाई लागत रातच्याला भूक.” मी पेन थांबवलं. तोपर्यंत कोण आधी जेवतं, कोण मागून, हे आमच्या तक्त्यात कुठेच नव्हतं.

त्यानंतर जर्मनच्या बाईंना भेटायला गेलो. त्या निवृत्त झाल्या होत्या. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, “मग तू काय लिहिलंस?”

त्या घरापासून आम्ही माणशी वेगळी ओळ भरायला लागलो, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी तक्ता मागून घेतला, चष्मा लावला आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.