चुन्यात कालवलेला गेरू

रंगांच्या शेडकार्डावरचा गुलाबीसर बेज ठाणे-पालघर पट्ट्यातल्या अंबाडी नाक्यावर परका वाटायचं कारण नाही. इथल्या वारली घरांच्या कारवीच्या कुडाला माती-शेणाचा लेप, वर गेरू आणि तांदळाच्या पिठाची चित्रं. डहाणूच्या जिव्या सोमा म्हशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली ती याच कलेसाठी.

गेरू म्हणजे लोहाच्या ऑक्साइडची माती. भिजवलेल्या चुन्यात तो चिमूटभर कालवला की हाच रंग! ओला असताना गडद दिसतो, वाळला की चांगलाच उतरतो. म्हणून आधी हातभर पट्टा मारून बघितलेला बरा.

उत्तरेच्या खोलीत तो ऊब देतो. पश्चिमेच्या उन्हात संध्याकाळी चक्क नारिंगी होतो, आणि पांढऱ्याफेक एलईडीखाली पार मरतो. पिवळसर दिवा, सागवानी चौकट त्याला शोभते. चकचकीत निळसर टाइल्स मात्र अजिबात नाहीत.